बुचाच्या आधीचे लाकूड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूर परिसरातील एका शालेय विज्ञान प्रदर्शनात, विहिरीच्या खोदकामातून निघालेला आणि नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी असलेला दगड ‘वनस्पतीचा जीवाश्म’ म्हणून मांडलेला नुकताच पाहिला. क्षणभर मीही फसलो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्यात ना शिरा दिसल्या ना पेशी. खडकाच्या फटीत झिरपलेल्या पाण्यातील मँगनीजने घातलेली ती रांगोळी होती.

विद्यार्थ्यांचा यात दोष नाही. रॉबर्ट हूक म्हटले की आपण बुचाचा काप आणि ‘पेशी’ हा शब्द एवढेच शिकवतो. परंतु सूक्ष्मदर्शकातील निरीक्षणांच्या त्यांच्या 1665 च्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात बुचाचे निरीक्षण अठरावे आहे आणि त्याच्या लगेच आधीचे, सतरावे, दगड झालेल्या लाकडाचे आहे. दगडातले शंख-शिंपले भूमीच्याच एखाद्या घडणशक्तीने तयार होतात, असे अनेक विद्वान मानत असताना हूक यांनी ते लाकूड कोळशाशी आणि कुजलेल्या ओकशी सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिले, तेव्हा छिद्रांची रचना तीच निघाली. वजन मात्र पाण्याच्या तिपटीहून अधिक, आणि विस्तवात टाकले तरी ते जळून जाईना. खनिजयुक्त पाणी लाकडात मुरून त्यातील कणांनी छिद्रे भरून गेली, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच निरीक्षणात त्यांनी वेटोळ्याच्या दगडांनाही एकेकाळच्या जलचरांचे शंख ठरवले. आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम त्याच अमोनाइट (वेटोळ्या शंखाचे, आता नामशेष झालेले समुद्री जीव) कुळातला, हे वर्गात सांगितले तर मुले कान टवकारतात, हा माझा अनुभव आहे.

सोलापूरचा काळा पाषाण हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा असल्याने त्या खडकातच जीवाश्म शोधणे बहुधा व्यर्थ. दोन लाव्हाथरांच्या मधल्या काळात तळ्यांत साचलेल्या गाळात ते सापडतात. वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी यांनी मध्य भारतातील अशाच थरांमधील वनस्पतींचा अभ्यास केला. त्यामुळे शाळांना विनंती अशी की, प्रयोगशाळेत बुचाच्या कापाशेजारी अश्मीभूत लाकडाचा एक तयार काप ठेवावा आणि प्रदर्शनात कोणताही ‘जीवाश्म’ मांडण्यापूर्वी तो आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. तो नक्षीचा दगडही फेकू नये. नुसती पाटी बदलून तिथेच ठेवावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सोलापूर