अकरा वर्षांनी दिसलेला गुलाबी रंग

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

आईची फेरतपासणी झाली. जंतू गेलेत. रिपोर्ट हातात पडला तेव्हा आधी तुमचीच आठवण आली.

अकरा वर्षं तिच्या पोटात आग होती. रात्री दोनला उठून थंड दूध प्यायची. ज्यांच्याकडे गेलो त्यांनी ॲसिडिटीची गोळी दिली आणि वर ऐकवलं, "काकू, चिडचिड कमी करा." तिने मिरची सोडली, चहा सोडला. शेवटी घरातली आम्हीही म्हणू लागलो, तू फार विचार करतेस. याची टोचणी मला जन्मभर राहील.

त्या दिवशी दुर्बिणीची तपासणी आटोपल्यावर तुम्ही स्वतः बाहेर आलात. बाकावर बसलेल्या आईसमोर उकिडवे बसलात आणि जठरातला नमुना ठेवलेली ती इवलीशी पट्टी तिच्यापुढे धरलीत. पिवळ्याचा गुलाबी झालेला रंग. "आई, जठरातले जंतू पट्टीतल्या युरियाचा अमोनिया करतात, म्हणून हा रंग बदलला. त्यांनीच सूज आणलीय. यात तुमच्या स्वभावाचा काही दोष नाही." आई पदराने डोळे पुसत राहिली आणि तुम्ही उठायची घाई केली नाहीत. बाहेर केवढी गर्दी होती! औषधाने ती बरी झाली हे खरं, पण तिची मान वर झाली ती त्या बाकावर.

घरी येऊन मी वाचत बसले. हे जंतू शोधणारे ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे डॉक्टर, रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल. 1982 साली ईस्टरच्या सुट्टीमुळे जंतू वाढवायच्या बशा प्रयोगशाळेत नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिल्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी, म्हणजे आईच्या पोटातला हाच जंतू, वाढलेला दिसला. जठराची सूज या जंतूंमुळे येते हे लोक मानेनात, म्हणून 1984 मध्ये मार्शल ते जंतू स्वतः प्यायले. काही दिवसांत उलट्या, जठराला सूज. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे आईचं दुखणं सुरू होण्याआधीच हे सगळं पुस्तकांत होतं! पुष्कळांच्या पोटात हे जंतू काही त्रास न देता राहतात, हे तुम्हीच सांगितलंत, मान्य. पण अकरा वर्षांत एकालाही तपासून बघावंसं वाटू नये?

चौदा दिवस तोंड कडू पडलं, तरी तिने एक गोळी चुकवली नाही. काल तिने खलबत्त्यात ठेचा कुटला, भाकरीबरोबर खाल्ला आणि सकाळपर्यंत झोपली. तुम्हाला लसूण जास्त घातलेला आवडतो का, विचारायला सांगितलंय.

आपली कृतज्ञ,
तुमच्या पेशंटची लेक