पुण्यात आंबा विकायला निघालेल्या मित्रास

देवगड,
20 फेब्रुवारी

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

यंदा सगळ्या पेट्या दलालाकडे न लावता पुण्यात स्वतः स्टॉल टाकतोयस, हे वाचून फार आनंद झाला. वाशीच्या घाऊक बाजारात माल गेला की आपल्या हाती दलालाच्या हिशोबाची पट्टी तेवढी येते, आंबा कुणाच्या घरी गेला ते कळत नाही. आता कळेल. फवारणी, राखण, तोड यात तुला मी काय शिकवणार? पण गिऱ्हाइकाशी बोलणं मला पहिल्या वर्षी जमलं नव्हतं, म्हणून लिहितो.

तेव्हा एक बाई स्टॉलवर आल्या आणि मी सुरूच झालो. अस्सल देवगड, पातळ साल, केशरी गर, एकदा खाऊन तर बघा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेजारच्या स्टॉलवर गेल्या. तिथल्या म्हाताऱ्या बागायतदारांनी एवढंच विचारलं, "ताई, कधी खायचेत?" बाईंच्या घरी अक्षय्य तृतीयेला पितरांना दाखवल्याशिवाय आंबा कापत नाहीत, आणि सण पाच दिवसांवर होता. आजोबांनी हिरवट, कडक दोन डझन निवडून दिले आणि गवतात कसे ठेवायचे तेही सांगितलं. तसलं फळ माझ्या मागच्या पेट्यांत भरपूर होतं रे! मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी आधी विचारतो. कधी खायचेत, घरात माणसं किती, रस करायचा की कापून खायचे? आजच रस हवा असेल तर सालीवर सुरकुत्या आलेलं लहान फळ पुढे करतो. सुरकुत्या बघून लोक नाक मुरडतात, म्हणून एक तिथंच कापून फोड हातावर ठेवतो. मग बोलावं लागत नाही.

पेटीचा हिशोब मात्र समजावून सांग. आपल्याला वाटतं सगळ्यांना माहीत असेल, पण शहरात अनेकांना वाटतं की सहा डझनी पेटी म्हणजे मोठी पेटी. पेटी तेवढीच, चार डझनीतलं फळ मोठं, सहा डझनीतलं लहान, हे दोन्ही पेट्या उघडून दाखव. "शेवटचा भाव बोला" म्हणणाऱ्यालाही मी भाव पाडून देत नाही, लहान फळाची पेटी दाखवतो. सकाळी एकाला एक भाव आणि संध्याकाळी दुसऱ्याला दुसरा लावलास, तर एकाच सोसायटीतले दोघं जिन्यात भेटतातच.

आता साक्याचं, म्हणजे आतून खराब निघणाऱ्या गराचं. हे सगळ्यात अवघड आहे आणि इथंच मी चुकलो होतो. एका काकांनी सरळ विचारलं होतं, "साका निघणार नाही ना?" मी म्हणालो, छे, आमच्या बागेत नाही. तिसऱ्या दिवशी ते कापलेला आंबा डब्यात घेऊन आले. कोयीलगतचा गर पांढरट, पोकळ. ते भांडले नाहीत, डबा ठेवून निघून गेले, आणि पुन्हा कधी आले नाहीत. हापूसचा साका बाहेरून कुणालाच दिसत नाही. चौदा आणे तयार, म्हणजे पूर्ण तयार व्हायला थोडंच बाकी असलेलं फळ तोडलं, तोडल्यावर उन्हात किंवा तापलेल्या कातळावर ठेवलं नाही, तर कमी होतो, पण शून्य होत नाही. आता मी पैसे घेण्याआधीच सांगतो, "एखाद्यात साका निघू शकतो. निघाला तर फोटो पाठवा, तेवढे आंबे बदलून देईन." पहिल्यांदा हे बोलताना छाती धडधडली होती. पण गिऱ्हाईक पळालं नाही, उलट दोन वर्षांनी त्याच माणसानं ऑफिसातल्यांची मिळून अकरा पेट्यांची ऑर्डर दिली.

कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून शेजारी स्वस्तात विकत असतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस. 2018 साली आपल्या कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तू त्या मानांकनासाठी नोंदणी केली असशील तर प्रमाणपत्राची प्रत स्टॉलवर लाव. कुणी विचारलं तर दोन्ही आंब्यांचा वास देठाशी घ्यायला सांग. आणि फळ दाबून बघणाऱ्यावर ओरडू नकोस. दाबलं की डाग पडतो, एवढं सांगून त्याला हवं तसं फळ तूच निवडून दे.

पेटी देताना नंबर लिहून घे आणि चौथ्या दिवशी फोन कर, "पिकले का?" एवढंच विचारायला. हिरवे काढून फ्रीजमध्ये ठेवलेले असतात अनेकांनी, आणि मग आंबा आंबट निघाला म्हणून नाव आपलं खराब होतं.

पहिली तोड कधी धरतोयस ते कळव. सुरुवातीचे दोन दिवस मी पुण्यात तुझ्याबरोबर उभा राहीन. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
देवगडचा दोस्त