दत्तजयंतीला दोघंच जा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

यंदा दत्तजयंती नाताळच्या सुट्टीला लागून आली, म्हणून काकांनी शेतात भरिताचा बेत ठरवलाय. वांगी बामणोदचीच, भुसावळवरून येणार. म्हणजे सगळं खटलं जमणार, आणि तुरकाट्यांवर वांगी भाजून बडगीत कुटून होईपर्यंत तुझी चौकशीही कुटून होणार. आत्यांनी तर फोनवरच सुरुवात केली, "आते दोन वरीस व्हई ग्यात, पायना कव्हय हालावशात?" मी म्हटलं, आक्का, पाळणा तुमच्याच माळ्यावर पडलाय, आधी तो झाडून ठेवा. हसल्या. पण विसरणाऱ्यातल्या नाहीत त्या.

तू अलैंगिक आहेस हे सांगितलंस, त्यानंतर मी बरंच वाचलं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगार्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमधल्या अठरा हजारांवर लोकांची उत्तरं तपासली, तर साधारण शंभरात एकाने सांगितलं होतं की आपल्याला कुणाबद्दलच तशी ओढ कधी वाटली नाही. म्हणजे लिलावाच्या दिवशी आपल्या दोंडाईच्याच्या मिरची मार्केटात उभं राहिलं, तर तिथेही असतीलच की कुणी. बोलणार कोण? आणि अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या पुस्तकातही आहे, की माणूस स्वतःला अलैंगिक म्हणवत असेल तर त्यावर आजाराचं लेबल लावू नये. तेव्हा आत्यांच्या वैद्याची पुडी आली, तर ती माझ्याकडे दे.

तू हो म्हणालीस म्हणून बाबांनाही सांगितलं. बराच वेळ पेपरात डोकं घालून बसले. मग एवढंच विचारलं, "पोरगी खुशाल आहे ना?" मी म्हटलं, जावईबापूंना लग्नाआधीच सगळं माहीत होतं. दिवाळीत तुझे पाय गार पडले, तर ओसरीवर बसून त्यांनी स्वतःचे मोजे काढून तुला घातले. कुणाचं लक्ष नव्हतं, माझं होतं.

मला नातवंड हवंसं वाटतं, ते लपवत नाही. पण तो तुमचा दोघांचा विषय, मी मध्ये पडणार नाही. सगळ्यांना सगळं सांगत बस, असंही म्हणणार नाही. आपल्याकडे गोष्ट चहा संपायच्या आत शहाद्याला पोचते. फक्त "डॉक्टर चालू आहेत" ही पळवाट नको. एकदा डॉक्टरचं नाव निघालं की नवस, अंगारे, आणि मग दोष कुणात याची चर्चा. "आमचं आम्ही ठरवलंय" एवढं बोल आणि पुरीला हात घाल. पुढचं मी बघते.

आणि दुपारी तुम्ही दोघं सारंगखेड्याला जा. दोघंच. जावईबापूंनी घोडेबाजार पाहिलेला नाही. एकमुखी दत्ताचं दर्शन घ्या, घोडे बघा, गरम जिलबी खा, वाटलं तर तापीच्या पुलाकडे चक्कर मारा. "घरात इतकी माणसं असताना?" असं कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे. काकांची पोरं मागे लागतील, त्यांना मी कांद्याची पात निवडायला बसवते.

ती काळी अंगठी, तुम्हा अलैंगिक लोकांची खूण, काढून ठेवू नकोस. उजव्या हाताच्या मधल्या बोटात बघून आत्यांना वाटतं, काळ्या घोड्याच्या नालेची आहे, साडेसातीसाठी. वाटेना का.

स्वेटर दोन आण, नदीवर वारं फार झोंबतं. गाडी काकांची घ्या. आमच्या स्कूटरचा हेडलाइट गेलाय आणि परतताना अंधार पडेल.

तुझी,
आई