आधी मागची थकबाकी, मग पुढचा परवाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर गेले पंधरा दिवस विदर्भातल्या जुन्या कोळसा खाणींच्या मुदतवाढीवरून वाचकांची चांगलीच जुंपली आहे. एका बाजूचे म्हणणे, जग कोळसा सोडत चालले आणि आपण म्हाताऱ्या खाणींना सलाईन लावून जगवतोय. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, खाण बंद करा म्हणणाऱ्याने आधी घरातला पंखा बंद करून दाखवावा. एका पत्रलेखकाने तर 'आपल्याकडे कुठे कोळसा आहे, कोल्हापूरला या वादाशी काय देणेघेणे' असे लिहिले. ते वाचले आणि राहवले नाही.

मी चाळीस वर्षे ओतकामात काढली. उद्यमनगरात उमेदवारी केली, पुढे शिरोली एमआयडीसीत भागीदारीत लहानशी फाउंड्री चालवली. आता ती पुतण्या बघतो. सुरुवातीला आमच्याकडे क्युपोला भट्टी होती. हार्ड कोकचा, म्हणजे भाजून कडक केलेल्या कोळशाचा, ट्रक दारात उतरायचा, भट्टी पेटली की काजळी शेजारणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची आणि ती माउली आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. नंतर विजेवर चालणारी इंडक्शन फर्नेस आली. धूर गेला, शेजारीण गप्प झाली, आणि कोळशाशी आपला संबंध संपला असे आम्हाला वाटायला लागले.

हिशेब मात्र वेगळेच सांगतो. एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. औष्णिक केंद्रात एका युनिटामागे ७०० ग्रॅमच्या आसपास कोळसा जळतो. म्हणजे टनाला ४२० किलो. सगळी वीज कोळशाची नसते हे मान्य. कोयना आहे, साखर कारखान्यांची बगॅसवरची, म्हणजे उसाच्या चिपाडावरची वीज आहे, कितीतरी शेडवर आता सोलरही आले. तरी राज्याच्या विजेचा मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे. इचलकरंजीचे माग त्यावर चालतात, पंचगंगेवरच्या उपशाच्या मोटारी त्यावर चालतात. आमची काजळी गेली कुठे, तर चंद्रपूरच्या शेजारणीच्या कपड्यांवर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुण 'मिळवून' देशात चौथे आले होते.

माझी धाकटी लेक तिकडेच, वर्धा नदीच्या खोऱ्यात दिली आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेसने वर्ध्याला उतरायचे आणि पुढे गाडी बदलायची. गेल्या खेपेला गेलो तेव्हा गावाशेजारच्या खाणीच्या मुदतवाढीची जनसुनावणी होती. गावाचे आणि खाणीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, लेकीचे सासर आहे. व्याही म्हणाले, "चाला इवाई, आमचा तमाशा पाहून घ्या."

मंडप होता, लाल खुर्च्या होत्या, व्यासपीठावर जिल्हाधिकाऱ्यांच्या वतीने आलेले साहेब आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी. कायद्याने अशा सुनावणीची ३० दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो. पण किती माणसे हजर हवीत याची अट नाही आणि सुनावणीत हात वर करून काही मंजूर-नामंजूर होत नाही. बोलायचे ते बोलायचे, ते लिहून दिल्लीला जाते. मूळ अहवाल इंग्रजीत, उशाला घेता येईल एवढा जाड.

गाव उभे चिरल्यासारखे दोन बाजूंना बसले होते. कंत्राटी ड्रायव्हर, टपरीवाले, डंपर भाड्याने देणारे एकीकडे. ज्यांची जमीन अजून शिल्लक आहे ते दुसरीकडे. एका घरातले दोन सख्खे भाऊ मी दोन बाजूंना बसलेले पाहिले. कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीच्या धोरणात दोन एकरामागे एक नोकरी असा हिशेब आहे. त्यात थोरल्याला नोकरी लागली, धाकट्याच्या वाट्याला खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्याला लागून असलेली शेती उरली. जावयाचा चुलतभाऊ मला म्हणाला, "मामाजी, खदान बंद झाली तं आमी कुठं जावं? तुमच्या कोल्हापूरले?" मला उत्तर सुचले नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही मुदतवाढीच्याच बाजूला बसलो असतो.

खाणीचे 'आयुष्य' म्हणजे काय, हे मला तिथे एका निवृत्त ओव्हरमनने, म्हणजे खाणीतल्या कामावर देखरेख करणाऱ्याने, चहाच्या टपरीवर समजावले. जमिनीखाली काढण्याजोगा कोळसा किती आणि वर्षाला काढायचा किती, याचा भागाकार म्हणजे आयुष्य. काढण्याजोगा किती, हा आकडा मात्र हलता असतो. एक टन कोळशासाठी वरची माती-खडक किती घनमीटर उकरावा लागतो, त्यावर तो ठरतो. भाव चढला, यंत्रे मोठी आली, की काल परवडत नसलेला खोलवरचा थर आज परवडतो. शेजारचे दोन खड्डे जोडले, की मधली पट्टी मिळते. जुन्या भूमिगत खाणीत छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब वरून उकरून काढता येतात. आणि ठरल्याप्रमाणे उत्पादन झाले नाही, तर काही न करताच आयुष्य वाढते. पर्यावरण परवानगीची कमाल मुदत पूर्वी ३० वर्षे होती. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने ती तपासणीनंतर आणखी २० वर्षांपर्यंत वाढवायची सोय केली. म्हणजे ज्या पोराच्या बारशाला खाण सुरू झाली, त्याच्या पोराच्या लग्नापर्यंत ती चालू शकते.

आपल्या पानावरची सगळी भांडणे या वर्षांवरून चालली आहेत. पाच द्या, दहा द्या, एकही देऊ नका. माझे म्हणणे वर्षांबद्दल नाहीच, ते खड्ड्याबद्दल आहे.

खुली खाण सुरू होते तेव्हा पहिली माती टाकायला खड्ड्यात जागाच नसते, म्हणून ती बाहेर टाकतात. तो बाहेरचा डोंगर. पुढे कोळसा निघत गेला, की मागच्या रिकाम्या भागात पुढची माती भरत जायची, हे कागदावरचे काम. शेवटचा कोळसा निघाला की शेवटचा खड्डा तसाच राहतो, कारण तो भरायला जी माती हवी ती बाहेरच्या डोंगरात अडकलेली असते आणि ती पुन्हा उचलायचा खर्च कुणालाच नको असतो. चंद्रपूरला इरई नदीच्या काठावरचे असले मातीचे डोंगर पुराला हातभार लावतात, ही तिथल्या लोकांची जुनी तक्रार आहे. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला ती समजायला जड जाऊ नये. भूमिगत खाणीचे तर मागे राहिलेले दिसतही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गेले. खाली जुन्या खाणीची पोकळी होती. माणसे आधी बाहेर पडली म्हणून वाचली.

हे सावरायला पैसे ठेवलेले नसतात असे नाही. २००९ पासून कोळसा मंत्रालयाने प्रत्येक खाणीला बंद करण्याचा आराखडा सक्तीचा केला. खुल्या खाणीला तेव्हा हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीला १ लाख असा दर धरला, आणि ती रक्कम खाणीच्या आयुष्यातल्या वर्षांवर विभागून दरसाल वेगळ्या खात्यात भरायची असे ठरवले. व्यवस्था चांगली आहे. फक्त एक बारीक गोष्ट बघा. रक्कम आयुष्याच्या वर्षांवर विभागलेली आहे. आयुष्य वाढले की बंद करण्याचा दिवस पुढे गेला, दिवस पुढे गेला की अखेरचे काम पुढे गेले. मुदतवाढीचा प्रत्येक अर्ज म्हणजे खड्डा भरण्याच्या तारखेला मिळालेली मुदतवाढ असते, आणि जाहिरातीत ते कुठेही लिहिलेले नसते.

ही फक्त आपल्याकडची गत नाही. वेल्समध्ये मर्थिर टिडफिल गावाला लागून फॉस-इ-फ्रान नावाची खुली खाण होती, ब्रिटनमधली सर्वांत मोठी. तिची परवानगी सप्टेंबर २०२२ मध्ये संपली. कंपनीने मुदतवाढ मागितली, स्थानिक कौन्सिलने एप्रिल २०२३ मध्ये ती नाकारली, तरी कोळसा नोव्हेंबर २०२३ संपेपर्यंत निघतच राहिला. खाण बंद झाली तेव्हा जमीन पूर्ववत करण्यासाठी राखून ठेवलेले होते दीड कोटी पौंड, आणि खर्चाचे अंदाज होते त्याच्या कितीतरी पट. खड्ड्यात पाणी साचत गेले. ३० सप्टेंबर २०२४ ला ज्या देशाने आपले शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र बंद केले, त्या देशातली ही गोष्ट. कोळसा सोडला म्हणून खड्डा सुटत नाही.

दुसऱ्याचे काय सांगू, माझेच सांगतो. ओतकाम झाले की साच्याची जळकी वाळू उरते. ती आम्ही शेडच्या मागे टाकायचो. ढीग वाढला की भागीदार म्हणायचा, "यंदा ऑर्डरी हायत, फुडच्या साली उचलू." पुढच्या साली ऑर्डरी आणखी असायच्या. अकरा वर्षे आम्ही ती वाळू 'पुढच्या साली' उचलली. शेवटी शेडमागची ती जागा विकायची वेळ आली, तेव्हा घेणाऱ्याने किमतीतून वाळू उचलायचा खर्च कापला आणि आम्ही मुकाट मान डोलावली. चालू धंद्यात मागचा पसारा आवरायला कुणाला वेळ नसतो, आणि बंद धंद्यात पैसा नसतो.

राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारांवरून, बॉक्साइटचे ट्रक बेळगावकडे जाताना पाहिलेल्या माणसाला तरी हे नवे वाटू नये. आपल्याकडे कोळसा नाही, पण खाण म्हणजे काय हे माहीत नाही असे कोल्हापूरने म्हणू नये.

यावर उपाय काय, तर तो आपल्याच जिल्ह्यात रोजच्या बोलण्यातला आहे. साखर कारखान्याकडे मागच्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेली उसाची किमान किंमत, थकली असेल, तर साखर आयुक्त गाळप परवाना अडवतात. ऊस तोडल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, हा १९६६ च्या आदेशातला नियम. तो किती पाळला जातो ते सांगायला नको, शिरोळ-हातकणंगल्याचा शेतकरी अजून त्यासाठी रस्त्यावर उतरतो. पण परवाना अडकेल या भीतीने थकबाकी हलते, हे आपण दर वर्षी बघतो. खाणीला हाच नियम का नको? मागच्या तीस वर्षांत जेवढा खड्डा भरायचा होता तेवढा भरला का, जेवढ्या हेक्टरवर झाडे लावायची होती तेवढी आज जिवंत आहेत का, हे आधी मोजा. मोजणारा कंपनीचा नको. गावातली चार माणसे आणि एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा सर्व्हेअर चालेल. थकबाकी निघाली तर ती पूर्ण होईपर्यंत एका दिवसाचीही वाढ नको. पूर्ण असेल तर खुशाल वाढवा, मी मुदतवाढीच्या बाजूने सही करीन, माझ्या भट्टीलाही वीज लागते.

आणि जमीन शेवटी कुणाची, हेही त्याच दिवशी लिहून द्यावे. कोळसा काढून झालेली जमीन कोळसा आणि ऊर्जेशी संबंधित पायाभूत कामांना वापरायचे धोरण केंद्राने एप्रिल २०२२ मध्ये मंजूर केले, मालकी मात्र सरकारी कंपनीकडेच ठेवली. ज्याची दोन एकर गेली, त्याच्या नातवाला त्या भरलेल्या खड्ड्यावर मेंढरे तरी चारता येतील का, याचे उत्तर मला कुठे सापडले नाही.

त्या सुनावणीत आमचे व्याही उठले होते. सत्तरी गाठलेला माणूस, हातात माइक थरथरत होता. त्यांनी एकच विचारले, "साहेब, मागच्या वेळेस तुमी म्हटलं होतं का पश्चिमेकडचा खड्डा भरून द्याल. तो कवा भरनार?" मंडपात दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. दिवसभरात दोन्ही बाजूंनी एकदम वाजलेल्या तेवढ्याच. पुढे सुनावणीचे इतिवृत्त आले, ते जावयाने मला मोबाइलवर पाठवले. व्याह्यांच्या नावासमोर प्रश्न दीड ओळीत उतरवला आहे. शेजारी उत्तराच्या रकान्यात लिहिले आहे, 'नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल.' तारखेचा रकाना त्या तक्त्यात नाही.

आपला,
एक वाचक,
उद्यमनगर, कोल्हापूर