वार कोणता होता?

आदरणीय ग्रंथपाल बाई,
सा. न. वि. वि.

बँकेतली नोकरी सांभाळून ध्रुवीय आणि सागरी मोहिमांचा इतिहास धुंडाळण्याच्या माझ्या उद्योगाला यंदा बावीस वर्षे झाली. विद्यापीठाशी संबंध नसल्याने अर्जातला ‘संस्था’ हा रकाना मला नेहमी कोराच सोडावा लागतो. तेवढ्याच कारणावरून एका अभिलेखागाराने माझा अर्ज परत पाठवला, तेव्हा तुम्ही आपणहून शिफारसपत्र लिहून दिलेत. त्याचे आभार आहेतच, पण हे जाहीर पत्र एका दुपारसाठी आहे.

मी तेव्हा कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतल्या ओट्स यांच्यावर लिहीत होतो. महूच्या छावणीत राहिलेला हा घोडदळाचा अधिकारी, पाय हिमदंशाने निकामी झाल्यावर, सोबत्यांना आपला अडथळा नको म्हणून वादळात तंबूबाहेर निघून गेला. माझ्या टिपणात तारीख होती १७ मार्च १९१२. तुम्ही विचारलेत, “वार कोणता?” स्कॉट यांच्या रोजनिशीत ‘शुक्रवार १६ किंवा शनिवार १७’ असे आहे आणि तारखांचा हिशेब सुटल्याची कबुलीही आहे. तुम्ही स्टुलावर चढून शके १८३३ चे, कसरीने खाल्लेले पंचांग काढलेत, पदराने धूळ पुसलीत आणि फाल्गुनाच्या शेवटच्या पानावर बोट ठेवलेत: १७ मार्चला रविवार होता. वार खरा मानावा तर तारीख चुकते, तारीख खरी मानावी तर वार. इतकी वर्षे ती नोंद वाचूनही मला हे सुचले नव्हते, याची लाज आजही वाटते.

त्याच टिपणात मी लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहिब यांना तट्टे म्हटले होते. तुमच्या शंकेमुळे पुन्हा तपासले. स्कॉट यांची १९ तट्टे मांचुरियाकडची होती; ही सात मात्र भारतातून पाठवलेली खेचरे. ऑक्टोबर १९१२ च्या अखेरीस ती शोधपथकाबरोबर निघाली आणि १२ नोव्हेंबरला स्कॉट व त्यांच्या दोन सोबत्यांचा तंबू सापडला. ओट्स यांचा देह मिळाला नाही, फक्त झोपण्याची पिशवी मिळाली.

लेखाचे मुद्रित सोबत ठेवले आहे. ओट्स यांच्या तारखेआधी आता ‘बहुधा’ हा शब्द आहे. काही खटकल्यास पेन्सिलीने खूण करावी. शनिवारी येऊन घेऊन जाईन.

आपला नम्र,
खिडकीजवळच्या टेबलावरचा वाचक