वाद्यांच्या धंद्याचा सर्व्हे करताय, तर जवारीवाल्यालाही मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून सतारमेकर गल्लीत कोण ना कोण फॉर्म घेऊन येतच असतं, कधी कॉलेजची मुलं तर कधी कुठल्या संस्थेची माणसं, आणि ते चांगलंच आहे, माहिती गोळा व्हायलाच पाहिजे. पण असा एक फॉर्म मी नीट वाचला आणि खरंच वाईट वाटलं. दुकान किती स्क्वेअर फूट, कामगार किती, महिन्याची विक्री किती, वेबसाइट आहे का. संपलं!

अहो, तंबोरा काय एका दुकानात तयार होतो का? भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, तो वाळवायचा, कापायचा, मग दांडी नि तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी झाकणपट्टी, बसवायची, नक्षी, पॉलिश, खुंट्या, आणि यातलं बरंचसं काम वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या हातांनी होतं. सगळ्यात शेवटी जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद जुळवणं. जवारी काढणारा माणूस घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस अगदी हलकी फिरवतो, तार छेडतो, कान देऊन ऐकतो, परत जरासं घासतो, परत ऐकतो, मग तारेखाली सूत घालून ते केसभर पुढेमागे सरकवत राहतो आणि मग कुठे तंबोरा बोलायला लागतो. हे सगळं कानाचं काम. याला ना दुकान ना बोर्ड, मग फॉर्ममध्ये हा माणूस लिहायचा कुठे?

सरकारी आकडेवारीतही हीच गत आहे. २००८ च्या राष्ट्रीय उद्योग वर्गीकरणात प्रत्येक धंद्याला एक कोड नंबर आहे: वाद्यं बनवणारे ३२२० मध्ये, स्पीकर-अॅम्प्लिफायर बनवणारे २६४० मध्ये, वाद्यं विकणारे ४७५९ मध्ये म्हणजे फर्निचर नि दिव्यांच्या दुकानांबरोबर, ऑडिओ सिस्टीम विकणारे ४७४२ मध्ये, आणि वाद्यं रिपेअर करणारे थेट ९५२९ मध्ये, सायकल रिपेअरवाल्यांच्या रांगेत. आता एकच घर वाद्य बनवतंय, विकतंय आणि रिपेअरही करतंय तर त्याला मुख्य धंदा बघून एकच कोड लागणार, बाकीचं कागदावर नाहीच. त्यात ३२२० मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यंही येतात, म्हणजे नुसता चार आकडी कोड धरून रिपोर्ट काढला तर उद्या इलेक्ट्रॉनिक तानपुरे आणि कीबोर्ड वाढले की धंदा वाढला असंच दिसेल, मग भले हाताने तंबोरा करणारी घरं बंद पडत असली तरी. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

म्हणून सर्व्हे करणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, दुकानं नका मोजू, कामं मोजा. तबली कोण करतं, जवारी कोण काढतं, त्याचं वय काय, त्याच्या हाताखाली आज कुणी शिकतंय का, वर्षातले किती महिने हाताला काम असतं, लाकूड नि भोपळा कितीला पडतो, नव्या वाद्यावर जास्त पैसे सुटतात की रिपेअरवर, हे विचारा. घरातल्या बायका पॉलिशला, तारा लावायला हात लावत असतील तर त्यांचीही नावं लिहून घ्या, 'मदतनीस' म्हणून सोडून देऊ नका. स्पीकर-मिक्सरवाल्यांना वेगळा फॉर्म करा, त्यांचं लग्नसराई नि गणपतीवर चालणारं भाड्याचं गणित पूर्ण वेगळं आहे.

आणि रिपोर्ट झाला की मराठीतली एक प्रत गल्लीत आणून द्या. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकालाही आधी भरून दिलेल्या फॉर्मचं पुढे काय झालं ते माहीत नाही.

आपला,
एक वाचक, मिरज