"शेक कुठल्या बाजूला घेतलेत?" असं विचारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या ओपीडीत आभार मानायला निवांत वेळ कधी मिळतच नाही. बाहेर बाकावर रांग असते, आणि बाहुली मोठी करायचे थेंब घातले की मला समोरचा माणूसही धड दिसत नाही. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. कॅन्सरसाठी शेक, म्हणजे किरणांचे उपचार (रेडिएशन), घेऊन घरी आलेल्या आणखी कुणाच्या तरी हे उपयोगी पडेल.

माझा कॅन्सर गालाच्या हाडातल्या पोकळीचा, म्हणजे सायनसचा. मुंबईत ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे शेक. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने आधार दिला, तिथल्या लोकांचेही माझ्यावर उपकार आहेत. डोळ्याला त्रास होऊ शकतो हे सह्या घेतानाच सांगितलं होतं. तेव्हा जीव वाचला पाहिजे, एवढंच मनात होतं. पुढे रिपोर्ट चांगले येत गेले आणि मी पुन्हा मशीनवर ब्लाउज शिवायला बसले.

दोनेक वर्षांनी उजव्या डोळ्याला सरळ मारलेली टीप नागमोडी दिसायला लागली. एका ठिकाणी चष्मा बदलून दिला, दुसरीकडे वयाचा मोतीबिंदू म्हणाले. तुम्ही चष्म्याच्या नंबराआधी माझ्या गालावरचा व्रण पाहिलात. "शेक घेतलेत? कुठल्या बाजूला? किती ग्रे?" ग्रे म्हणजे शरीराला मिळालेल्या किरणांचं माप, हेच मला ठाऊक नव्हतं. तुम्ही माझी फाइल स्वतः चाळलीत, त्यातून ६० ग्रे हा आकडा शोधलात, शुगर आहे का, केमो झाली होती का, तेही विचारलंत. तुमच्या त्या प्रश्नांनीच माझा उजवा डोळा वाचला असं मी मानते.

ओसीटीचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीचा, फोटो समोर धरून तुम्ही मला समजावलंत, तसं आजवर कुणी समजावलं नव्हतं. किरणांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) बारीक रक्तवाहिन्या हळूहळू खराब होतात, त्यातून पाणी झिरपतं, मधोमध सूज येते आणि रेघा वाकड्या दिसतात. मधुमेहात होतं तसंच पुष्कळसं, आणि शेक संपल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही हे सुरू होतं. डोळा सतत चुरचुरायचा, तेही त्यातलंच: अश्रू करणारी ग्रंथी डोळ्याच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात असते, तिलाही किरणं लागली होती. मोतीबिंदू होताच, पण आधी पडद्याची सूज आवरू, त्याची घाई नको, म्हणालात.

डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर माझे हात गार पडले होते. सिस्टरनी हात धरून ठेवला, तुम्ही आधी भूल देणारे थेंब घातलेत, आणि टोचलं ते दाबल्यासारखं वाटलं इतकंच. त्या इंजेक्शनातलं बेव्हॅसिझुमॅब मुळात आतड्याच्या कॅन्सरसाठी आलेलं औषध आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. कॅन्सरचं औषध कॅन्सरच्या उपचाराने दुखावलेल्या डोळ्याला बरं करतंय याचं मला अजून नवल वाटतं.

"पूर्वीसारखी नजर येईल असं मी म्हणणार नाही, आहे ती टिकवायची खटपट करू," असं तुम्ही स्पष्ट बोललात. त्या स्पष्टपणाबद्दल तर मी विशेष ऋणी आहे. खोटी आशा धरून इथून तिथे फिरण्यात माझे पैसेही गेले असते आणि वेळही. सूज आता कमी आहे. इंजेक्शनं अधूनमधून लागतात. प्रिझर्वेटिव्ह नसलेले थेंब दिवसभर आणि रात्री मलम चालूच आहे. तुम्ही दिलेला चौकटींचा कागद मशीनशेजारी भिंतीवर लावलाय. रोज एकेक डोळा झाकून बघते. रेघ वाकली तर तारखेची वाट न बघता यायचं, हे पक्कं लक्षात आहे. काज आणि हातशिलाई आता सून करते, कटिंग आणि टीप माझ्याकडेच आहे.

धर्मशाळेत ओळख झालेल्या बायकांशी अजून फोनवर बोलणं होतं. नाक, सायनस, डोळ्याजवळ शेक झालेल्या प्रत्येकीला मी सांगते: दिसत असलं तरी पडदा तपासून घे, आणि जाताना शेकाचं कार्ड ने. तुमच्याकडे आलेल्या त्या दोघी माझ्याच सांगण्यावरून आल्या होत्या. त्यांनाही तुम्ही तितकाच वेळ दिलात, त्याबद्दलही मनापासून आभार.

पुढच्या महिन्यात तपासणीला येतेच आहे.

आपली नम्र,
तुमची एक पेशंट